धाकट्याच्या घोड्यांबद्दल

ती. बाबा आणि आई,
सा. न.

धाकटा बारावीनंतर घोड्यांचंच काम करणार म्हणाल्यापासून घरात अबोला आहे, असं आई फोनवर म्हणाली. बाबा, तुमचं म्हणणं कळलं: सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा वर्षातून एकदा भरते, बाकीचे दिवस हा काय करणार? प्रश्न रास्त आहे. म्हणून इथे पुण्यात रेसकोर्सवर काम करणाऱ्यांशी आणि ओळखीच्या एका पशुवैद्यांशी बोलून मगच लिहितेय.

जॉकीचं सोडून द्या. त्यासाठी हलक्या अंगाची, कोवळ्या वयाची पोरं लागतात. आपला तर आत्ताच दारातून वाकून आत येतो. पशुवैद्यकीची पदवी साडेपाच वर्षांची. मुंबई, नागपूर, परभणी, शिरवळ, उदगीर इथे कॉलेजं आहेत, पण आधी ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा द्यायची आणि मग गाईपासून कोंबडीपर्यंत सगळं शिकायचं. बायोलॉजीचं पुस्तक त्याने किती उघडलं, ते आई तुला माहीत आहे. लष्करात जनावरं सांभाळणाऱ्या रिमाउंट व्हेटर्नरी कोअरचं प्रशिक्षण मेरठला होतं. मात्र ती वाट सैन्यभरतीतून जाते, आणि वाट्याला घोडा येईल, खेचर येईल की कुत्रा, ते आपण ठरवायचं नसतं.

राहिला सईस, म्हणजे घोड्याची रोजची देखभाल करणारा. पहाटे लीद काढायची, चंदी द्यायची, खरारा करायचा, पायांवरून हात फिरवून कुठे गरम लागतंय का ते बघायचं. पावसाळ्यात शर्यती पुण्यात, हिवाळ्यात मुंबईत महालक्ष्मीला; घोडे हलले की सईसांचं बिऱ्हाडही हलतं. बाबा, इथे तुमचं खरं आहे. नुसता सईस राहिला तर पगार फारसा वाढत नाही, आणि लाथ बसली तर औषधपाण्याचं कोण बघणार, हे आधीच विचारून घ्यावं लागतं.

मला पटलं ते नालबंदाचं, म्हणजे घोड्यांना नाल ठोकणाऱ्याचं काम. घोड्याचं खूर महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतं, त्यामुळे दर चार-सहा आठवड्यांनी नाल काढून, खूर तासून पुन्हा ठोकावी लागते. शर्यतीच्या घोड्याला हलकी ॲल्युमिनियमची, ओझ्याच्या घोड्याला लोखंडी. खिळा खुराच्या बाहेरच्या निर्जीव भिंतीतूनच जायला हवा. जरा आत गेला की घोडा लंगडलाच. खूर वाकडं तासलं तर त्याचा ताण वरच्या सांध्यांवर येतो, तो वेगळाच. इंग्लंडमध्ये 1975 च्या कायद्याने नोंदणी नसलेल्याला हे काम करता येत नाही, आणि नोंदणीआधी काही वर्षं उमेदवारी करावी लागते. आपल्याकडे असं बंधन नाही. म्हणूनच हातोडी हातात असलेले पुष्कळ आणि खुराची जाण असलेले थोडे. चांगल्या नालबंदाला घोड्यांची पैदास करणारे स्टड फार्म, रायडिंग स्कूल, पोलोवाले सगळे बोलावतात. माथेरानला मोटारींना बंदी, तिथे तर घोडे पुष्कळ. धंदा स्वतःचा राहतो, बाबा, आणि तुम्हाला नको असलेल्या सट्ट्याशी त्याचा संबंध येत नाही.

भरमसाट फी घेऊन रायडिंगचं सर्टिफिकेट देणारेही भेटले. त्यांच्याकडे मी त्याला पाठवणार नाही. रपेट करता येणं वेगळं आणि घोडा सांभाळता येणं वेगळं.

माझ्या मते पहिलं वर्ष त्याने एखाद्या स्टड फार्मवर सईसाचंच काम करावं. थंडीतही पहाटे उठून लीद काढायचा कंटाळा आला नाही, तर मग जुन्या जाणत्या नालबंदाच्या हाताखाली राहावं. सुरुवातीला पैसे जवळजवळ मिळणारच नाहीत. तेवढा खर्च मी उचलेन, त्याची काळजी नको.

बाबा, याचं उत्तर मला न देता त्यालाच द्या, आणि समोर बसवून. आणि आई, या पावसाळ्यात दोघं इकडे या. सकाळी लवकर रेसकोर्सवर जाऊ, घोडे मेहनतीला बाहेर काढतात तेव्हा. गुडघ्यांची गोळी मात्र विसरू नकोस, बरंच चालावं लागतं.

तुमची,
ताई