क्रॅडली हीथला एकदा जाऊन ये

सोलापूर, रविवार

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

तुझी बस आली म्हणून परवा फोनवरचं बोलणं अर्धवट राहिलं. युनियन म्हणजे झेंडे, घोषणा आणि कामात खोडा, असं तू म्हणालीस. मी गप्प बसले म्हणजे मला ते पटलं, असं समजू नकोस. बँकेत असताना मी आमच्या युनियनची खजिनदार होते, हे तू विसरलीस बहुतेक. तू राहतेस त्या बर्मिंगहॅमजवळच क्रॅडली हीथ नावाचं गाव आहे. तिथे १९१० साली काय झालं ते तुला सांगायचंय, आणि ते ज्या बाईमुळे झालं तिच्याबद्दलही.

मेरी मॅकार्थर. जन्म १८८० चा, ग्लासगोचा. वडिलांचं कापडाचं दुकान. हिला लेखिका व्हायचं होतं, पण बसली दुकानाच्या हिशेबाच्या वह्या लिहीत. विशीत असताना दुकान-नोकरांच्या युनियनच्या एका सभेला गेली. गेली होती म्हणे टिंगल करणारं काहीतरी लिहायला. तिथे जॉन टर्नर नावाच्या पुढाऱ्याचं भाषण ऐकलं आणि चक्र उलटं फिरलं. त्या काळी दुकानात काम करणाऱ्या पोरी मालकाच्याच माडीवर दाटीवाटीने झोपायच्या, त्याच्याच पानावर जेवायच्या, आणि बारीकसारीक चुकांसाठी त्यांच्या पगारातून दंड कापला जायचा. दुकानदाराची ही मुलगी त्या नोकरांच्या युनियनची तिथली सेक्रेटरी झाली! घरी जेवताना काय संवाद होत असतील, याची कल्पना करून मला हसू येतं.

१९०३ मध्ये ती लंडनला गेली, बायकांच्या युनियनांना मदत करणाऱ्या विमेन्स ट्रेड युनियन लीगची सेक्रेटरी म्हणून. तिथे तिला दिसलं की बायका इतक्या विखुरलेल्या धंद्यांत आहेत की त्यांची वेगवेगळी युनियन टिकतच नाही, आणि पुरुषांच्या कित्येक युनियनी त्यांना दारात उभं करत नाहीत. पगार कमी म्हणून वर्गणी परवडत नाही, वर्गणी नाही म्हणून युनियन नाही, आणि युनियन नाही म्हणून पगार कमी. त्यावर तिने १९०६ मध्ये सगळ्या धंद्यांतल्या बायकांची एकच संघटना काढली, नॅशनल फेडरेशन ऑफ विमेन वर्कर्स. पुढच्या वर्षी ‘द वुमन वर्कर’ हे पत्रही सुरू केलं. लिहायची हौस अशी फिटली.

आता क्रॅडली हीथ. तिथे घरामागच्या छपरात बायका लोखंडी साखळ्या घडवायच्या. छोटी भट्टी, भाता, ऐरण. सळईचं टोक लाल करायचं, तुकडा तोडायचा, वाकवायचा, आधीच्या कडीत ओवायचा आणि पुन्हा तापवून हातोड्याने दोन्ही टोकं एकजीव करायची. अशी एकेक कडी. तान्ही मुलं तिथेच, ठिणग्यांपासून जरा लांब. मधला दलाल सळ्या देणार आणि साखळी घेऊन जाणार. आपल्या पणजीला कारखानदार पान-तंबाखू मोजून द्यायचा आणि बिड्या मोजून घेताना खराब म्हणून काही बाजूला काढायचा, तसाच मामला. पन्नासहून जास्त तास राबून आठवड्याला जेमतेम पाच शिलिंग हातात पडायचे.

मेरी आणि इतरांनी रान उठवल्यावर १९०९ मध्ये ट्रेड बोर्ड्स कायदा झाला. चार धंदे निवडले, त्यात साखळीचा एक. मालक आणि कामगारांच्या प्रतिनिधींनी बसून तासाला अडीच पेन्स हा किमान दर ठरवला. बारा पेन्सचा एक शिलिंग, तेव्हा चोपन्न तासांचे अकरा शिलिंग तीन पेन्स, म्हणजे जुन्या मजुरीच्या दुप्पट. (आपला १९४८ चा किमान वेतन कायदा याच धाटणीचा: धंद्यांची यादी, दोन्ही बाजूंची समिती, मग दर. त्या यादीत बिडीही होती.)

पण कायद्यात एक फट होती. कामगाराने लेखी संमती दिली, तर सहा महिने जुनाच दर चालेल. मालकांनी कागद फिरवले आणि अनेक बायकांनी अंगठे-सह्या केल्या. कित्येकींना वाचता येत नव्हतं. सहा महिन्यांत स्वस्तात साखळ्यांचा साठा करायचा आणि मग या बायकांना घरी बसवायचं, असा डाव. त्यांना निदान वाचता तरी येत नव्हतं. तू त्या पार्टटाइम कामाच्या ठिकाणी पाच पानं न वाचता सही केलीस, तू तर एम.एस्सी. करतेस!

ऑगस्टमध्ये बायकांनी जुन्या दराने काम करायला नकार दिला आणि सुमारे ८०० जणींचं काम बंद पडलं. इथे मेरीचं खरं कसब दिसतं. घोषणा कोणीही देईल. पोटाला नसेल तर दहाव्या दिवशी माणूस कामावर परततो, हे तिला पक्कं माहीत होतं. तिने वर्तमानपत्रवाले आणले, म्हाताऱ्या कामगारणींचे फोटो छापवले. पेशन्स राउंड नावाची ७९ वर्षांची आजी संपात होती. पॅथे या सिनेमा कंपनीने चित्रण केलं आणि ते थिएटरांत दाखवलं गेलं. देशभरातून पैसा आला, जवळजवळ ४,००० पौंड. दहा आठवड्यांनी, २२ ऑक्टोबरला, शेवटच्या मालकानेही नवा दर मान्य केला.

पुढचं भराभर सांगते. १९११ च्या उन्हाळ्यात लंडनच्या बर्मंडसीत जॅम-बिस्किटांच्या कारखान्यांतल्या हजारो बायका कामावरून बाहेर पडल्या, तिथे ही होतीच. त्याच वर्षी लग्न, विल्यम अँडरसनशी. पहिलं मूल गेलं, मग एक मुलगी झाली. १९१८ मध्ये ती संसदेच्या निवडणुकीला उभी राहिली, तेव्हा निवडणूक अधिकाऱ्याने मतपत्रिकेवर तिचं नावच येऊ दिलं नाही, ‘मिसेस डब्ल्यू. सी. अँडरसन’ असं छापलं. सगळा मुलूख जिला मेरी मॅकार्थर म्हणून ओळखतो, तिचं! ती हरली. मला आजही त्या माणसाचा राग येतो. १९१९ मध्ये नवरा फ्लूच्या साथीत गेला आणि १ जानेवारी १९२१ ला ती कॅन्सरने गेली, चाळिसाव्या वर्षी.

संप मिटल्यावर निधीतला बराच पैसा उरला होता. संपानंतर पैसे उरलेले मी तरी माझ्या खजिनदारीत कधी पाहिले नाहीत. त्यातून गावात कामगारांसाठी वर्कर्स इन्स्टिट्यूट बांधलं, ते १९१२ मध्ये उघडलं. रस्त्याच्या कामात ते पडणार होतं, म्हणून विटा सोडवून डडलीच्या ब्लॅक कंट्री लिव्हिंग म्युझियममध्ये नेऊन पुन्हा उभं केलंय. तिथे साखळी घडवूनही दाखवतात म्हणे. टिप्टन स्टेशनला उतरावं लागेल. विद्यार्थ्यांना तिकिटात सवलत आहे का ते आधी बघ, आणि थंडी असेल तर कानटोपी घाल.

शेंगाचटणी मंगळवारी कुरिअर केलीय, दोन पुड्या आहेत. एक तुझ्या घरमालकिणीला दे.

तुझी,
आई