नाव दे, पण परतीचं दार उघडं ठेव

चि. निनाद,

अनेक आशीर्वाद.

मुद्दाम मराठीत लिहिते आहे. इंग्रजीत असतं तर फोनवर भरभर चाळलं असतंस. मराठी वाचताना तुझा वेग उतरतो, आणि या विषयाला तो उतरलेलाच बरा.

एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या ड्राफ्टला (संघ नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीला) नाव द्यायचं की नाही, हे तू विचारलंस. माझं मत आधीच सांगून टाकते: नाव जरूर दे. पण पहिल्या फेरीत घेऊ, असं किमान दोन-तीन संघांकडून ठामपणे कळलं नाही, तर मेअखेरच्या मुदतीआधी ते मागे घे आणि दुसरं वर्ष कॉलेजात खेळ. असं का म्हणते, ते आता सविस्तर लिहिते.

पात्रतेची काळजी नको. ड्राफ्टच्या कॅलेंडर वर्षात वयाची 19 वर्षं पूर्ण होत असली आणि हायस्कूल संपून एनबीएचा एक हंगाम उलटला असला, की पुरे. 2006च्या ड्राफ्टपासून हाच नियम आहे आणि तू दोन्ही अटींत बसतोस. घोळ होतो तो तारखांचा. नाव देण्याची मुदत ड्राफ्टच्या साधारण 60 दिवस आधी, एप्रिलच्या शेवटी असते. नाव मागे घेण्याच्या मुदती मात्र दोन आहेत आणि त्या वेगवेगळ्या संस्थांच्या आहेत. 2025चं उदाहरण घे. नाव द्यायची शेवटची तारीख 26 एप्रिल होती, एनसीएएच्या, म्हणजे कॉलेज खेळांच्या संस्थेच्या नियमाने मागे घ्यायची 28 मे आणि एनबीएच्या नियमाने 15 जून. म्हणजे 28 मे ते 15 जून या काळात ज्याने नाव मागे घेतलं, त्याला पुढच्या वर्षी पुन्हा ड्राफ्टमध्ये येता येतं, पण कॉलेजात परतता येत नाही. मुलं नेमकी इथे फसतात. एजंट म्हणतो 'अजून वेळ आहे', आणि एनबीएच्या हिशोबाने ते खरंही असतं. तुझ्यासाठी फक्त मेमधली तारीख खरी. यंदाची तारीख कॉलेजच्या कम्प्लायन्स ऑफिसकडून (नियमपालन बघणाऱ्या कार्यालयाकडून) लेखी घे आणि त्याच्या दोन दिवस आधी निर्णय संपव. मुदतीची वेळ ईस्टर्न टाइमची असते, हेही लक्षात असू दे.

तिसरी तारीख कोणी सांगत नाही: ट्रान्सफर पोर्टलची, म्हणजे कॉलेज बदलू बघणाऱ्या खेळाडूंच्या यादीची. पोर्टल वसंतात थोडेच दिवस उघडं असतं आणि ड्राफ्टची चाचपणी पूर्ण व्हायच्या आत बंद होतं. ड्राफ्टमधून परत आल्यावर दुसऱ्या कॉलेजात जाण्याचा विचार मनात असेल, तर पोर्टलमध्येही मुदतीतच नाव पडलं पाहिजे. दोन्हीकडे एकाच वेळी नाव देता येतं. पण पोर्टलमध्ये गेलास, की तुझे कोच तुझी जागा भरायला मोकळे होतात. तेव्हा 'नुसतं बघू या' म्हणून तिथे नाव टाकू नकोस. आहेस तिथेच परतायचं असेल, तर कोचना आजच स्पष्ट सांग की मेपर्यंत उत्तर देईन. त्यांनाही संघ बांधायचा आहे. त्यांना अंधारात ठेवलंस, तर जूनमध्ये तुझी मिनिटं दुसऱ्याला गेलेली दिसतील.

आता क्रम. सगळ्यात आधी एनबीएच्या अंडरग्रॅज्युएट अॅडव्हायझरी कमिटीकडे मूल्यमापन माग. त्यांचं उत्तर गोपनीय असतं आणि तुझा नंबर साधारण कुठल्या पट्ट्यात लागेल, हे त्यातून कळतं. एजंट त्यानंतर. 2018पासून कॉलेज खेळाडूला चाचपणीच्या काळात एजंट घेता येतो, पण हे मूल्यमापन मागितलेलं हवं, एजंट एनसीएएने प्रमाणित केलेला हवा आणि करार लेखी हवा. परतायचं ठरलं, तर तो करार संपवल्याचाही कागद हवा. एजंट जेवणाचा, प्रवासाचा ठरावीक खर्च करू शकतो. त्यापलीकडे कोणी ट्रेनरचे पैसे भरतो, गाडी देतो, घरच्यांना तिकिटं पाठवतो म्हणाला, तर आधी कम्प्लायन्स ऑफिसला विचार. न विचारता घेतलेली एक गोष्ट तुझी पात्रता घालवू शकते.

एजंटला पहिल्या भेटीत दोनच प्रश्न विचार. तुझे किती खेळाडू दुसऱ्या फेरीत गेले किंवा निवडलेच गेले नाहीत, आणि आज ते कुठे खेळतात? पहिल्या फेरीतली नावं प्रत्येक जण घडाघडा सांगतो. एजंटाचं खरं काम मागे राहिलेल्या मुलांच्या बाबतीत दिसतं.

मेच्या मध्यात शिकागोला कम्बाइन, म्हणजे संघांसमोरची मोजमापं आणि चाचण्या, असतं. निमंत्रण आलं तर जावंच लागेल. लीग आणि खेळाडू संघटनेच्या 2023च्या करारानंतर, सबळ कारणाशिवाय न गेलेल्याला त्या वर्षी निवडता येत नाही. तिथे उंची बूट काढून मोजतात. कार्यक्रमपत्रिकेत तुझी उंची 6 फूट 6 इंच छापतात, ती बुटांसकटची आहे. तू 6 फूट 5 इंच धरून चाल. त्याने खचायचं कारण नाही, कारण बचावाच्या दृष्टीने संघ हातांचा पल्ला आणि उभ्याने हात वर करून मोजलेली पोहोच यांना जास्त किंमत देतात, आणि तुझे हात लांब आहेत. त्याखेरीज उभ्याने आणि धावत घेतलेली उडी, लेन अॅजिलिटी (चपळाईची चाचणी), तीन चतुर्थांश कोर्टची धाव आणि वैद्यकीय तपासणी. मागच्या वर्षीच्या घोट्याचे एमआरआय आणि डॉक्टरांचे कागद एकत्र करून ने. डॉक्टरांना दुखापतीपेक्षा तिच्याबद्दलची अपुरी माहिती जास्त खटकते.

थोडं तुझ्या शूटिंगबद्दल लिहिते, कारण सगळं तिथेच अडणार आहे. हंगामात तू 88 थ्री, म्हणजे रेषेमागून तीन गुणांचे शॉट, मारलेस, 30 आत गेले. 34 टक्के, आकडा बरा दिसतो. पण त्यातले चारच कमी गेले असते, तर तो साडेएकोणतीसवर आला असता. इतक्या थोड्या शॉट्सवर कोणताही स्काउट (संघासाठी खेळाडू पारखणारा) विश्वास ठेवत नाही. तो तुझ्या फ्री थ्रोकडे बघतो, कारण तिथे अंतर ठरलेलं, समोर बचाव नाही, हाताचं वळण उघडं दिसतं. तुझे 62 पैकी 44, म्हणजे 71 टक्के. शूटर म्हणून कोणी घ्यावं, असा हा आकडा नाही. शिवाय कॉलेजची रेषा 22 फूट पावणेदोन इंचांवर आहे आणि एनबीएची समोरून 23 फूट 9 इंचांवर. सव्वाएकोणीस इंचांचा फरक! कोपऱ्यात मात्र एनबीएची रेषा 22 फुटांवरच आहे, तिथे तुला फारसा फरक जाणवणार नाही. मग संघांच्या वर्कआउटमध्ये समोरून आणि 45 अंशांतून शॉट पडतो का, हेच बघतील. आत्तापासून रोजच्या सरावात त्या दोन जागांवरून एनबीएच्या रेषेमागे उभा राहा, पाय थकल्यावरसुद्धा. ताज्या पायांनी सगळ्यांचेच शॉट पडतात. थकल्यावर तुझा चेंडू आखूड पडतो, आणि तो गुडघे न वाकवल्यामुळे पडतो, मनगटामुळे नाही.

आता पैशांचं. ड्राफ्टमध्ये दोन फेऱ्या, कागदावर 60 जागा. 2025मध्ये 59 जणच निवडले गेले. पहिल्या फेरीतल्या 30 जणांचा पगार ठरलेल्या तक्त्याने होतो. पहिली दोन वर्षं हमीची, तिसरं आणि चौथं संघाच्या मर्जीवर. तक्त्याच्या 80 ते 120 टक्के देता येतात आणि जवळपास सगळ्यांना 120च मिळतात. 2025चा पहिला, ड्यूक विद्यापीठाचा फ्रेशमन (पहिल्या वर्षाचा खेळाडू) कूपर फ्लॅग, याला पहिल्या वर्षाचे सुमारे 1 कोटी 38 लाख डॉलर. तिसाव्याला सुमारे 27 लाख. त्यातून 10 टक्के लीग एस्क्रोत, म्हणजे राखीव खात्यात, अडकवून ठेवते, केंद्राचा कर वरच्या टप्प्यात 37 टक्के, एजंटची फी जास्तीत जास्त 4 टक्के, आणि ज्या ज्या राज्यात सामना खेळशील, तिथला कर वेगळा. हातात निम्म्याच्या आसपास येतं, असं धर.

दुसऱ्या फेरीला तक्ता नाही. कोणाला तीन-चार वर्षांचा चांगला करार मिळतो, कोणाला टू-वे, म्हणजे मुख्य संघ आणि एनबीएची दुय्यम जी लीग या दोन्हींत खेळवणारा करार. टू-वेला 2025-26 मध्ये 6 लाख 36 हजार डॉलर आहेत, पण वर्षभराची पूर्ण हमी नाही आणि मुख्य संघासोबत जास्तीत जास्त 50 सामने. त्याखाली जी लीग. तिथला पगार 2024-25मध्ये अख्ख्या हंगामाचा 43 हजार डॉलर होता. अगदी शेवटच्या नंबरांवर निवडलं जाण्यापेक्षा न निवडलं जाणं कधी कधी बरं असतं, कारण निवडणाऱ्या संघाकडे तुझे हक्क अडकतात आणि न निवडलेला आपल्याला जागा देणारा संघ स्वतः शोधू शकतो.

याच्या शेजारी कॉलेजचं ठेव. 1 जुलै 2025पासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षाची मर्यादा सगळ्या खेळांना मिळून दर कॉलेज साधारण 2 कोटी 5 लाख डॉलर. त्यातला मोठा वाटा अमेरिकन फुटबॉलकडे जातो, तरी बास्केटबॉलमध्ये नियमित खेळणाऱ्याला आज मिळणारी रक्कम टू-वेच्या बरोबरीची किंवा जास्त असू शकते. बाहेरचा 600 डॉलरपेक्षा मोठा करार मात्र कळवावा लागतो. म्हणूनच नाव देणारे घटले: 2021मध्ये 353 होते (त्यात कोविडमुळे मिळालेल्या जादा वर्षाची भर होती), 2025मध्ये 106. पाच वर्षांपूर्वी मी तुला वेगळं सांगितलं असतं. तेव्हा थांबणं म्हणजे फुकट खेळणं होतं. आज दुसऱ्या फेरीच्या आशेवर निघणं म्हणजे हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं आहे.

मात्र कॉलेजच्या पैशातून कर कापला जात नाही, हे विसरू नकोस. दर तिमाहीला अंदाजे कर आपणच भरायचा. आलेल्या प्रत्येक रकमेचे 35 टक्के वेगळ्या खात्यात टाक आणि त्याला हात लावू नकोस.

थांबण्यात धोका नाही, असं मी म्हणणार नाही. कॅलिफोर्नियाचा इव्हान रॅब 2016मध्ये फ्रेशमन असताना पहिल्या 14मध्ये जाईल असं बोललं जायचं. तो थांबला आणि 2017मध्ये 35वा गेला. मिझुरीचा जॉन्टे पोर्टर 2018मध्ये नाव मागे घेऊन परतला, ऑक्टोबरमध्ये गुडघ्याचे अस्थिबंध फाटले आणि पुढच्या वर्षी निवडलाच गेला नाही. दुसरीकडे डेटनचा ओबी टॉपिन 2019मध्ये चाचपणी करून परतला आणि 2020मध्ये आठवा गेला. आणि ड्यूकचा ट्रेव्हॉन डुव्हल 2018मध्ये फ्रेशमन म्हणूनच निघाला, नाव पुकारलंच गेलं नाही. रॅबचं उदाहरण तुला सगळे जण ऐकवतील. पण रॅबला सोडायला काहीतरी होतं, त्याचा नंबर पहिल्या फेरीत वरचा होता. तुझा मॉक ड्राफ्टमध्ये (तज्ज्ञांच्या अंदाजी याद्यांत) 38 ते 55 दिसतो. ही तुलना तुला लागू नाही. दुखापतीची भीती खरी आहे. त्यासाठी कायमच्या अपंगत्वाचा विमा मिळतो का, हे कॉलेजला विचार, आणि त्यात कुठल्या दुखापती वगळल्या आहेत ते ओळ न ओळ वाच.

आपल्याकडची दोन नावं तुला माहीत आहेतच. पंजाबचा सतनाम सिंग 2015मध्ये 52वा निवडला गेला, सगळ्या भारतात बातमी झाली, पण एनबीएचा एक सामनाही त्याच्या वाट्याला आला नाही. भारतीय वंशाचा कॅनडाचा सिम भुल्लर न्यू मेक्सिको स्टेट विद्यापीठातून दोन वर्षांनी निघाला, 2014मध्ये कोणी निवडला नाही, आणि एप्रिल 2015मध्ये सॅक्रामेंटोकडून तीन सामने खेळला. त्या रात्री नाव पुकारलं जाणं आणि पुढे करार टिकणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तू दुसऱ्या गोष्टीचा हिशोब कर.

संघाने 'आम्ही तुला घेऊ' म्हटलं, तर कोण म्हणालं आणि कुठल्या नंबरावर, ते त्याच दिवशी लिहून ठेव. जनरल मॅनेजर म्हणाला की स्काउट, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. नंबर सांगितला नसेल, तर ती बोलाचीच कढी. सांगितला असेल, तरी तो करार नव्हे, म्हणून एकाच संघावर भिस्त नको. वर्कआउट संपल्यावर एक प्रश्न नक्की विचार: माझ्यात काय कमी पडलं? नाव परत घेतलंस, तरी ती उत्तरं उन्हाळाभर कामाला येतील.

आणि परीक्षा. वर्कआउटच्या धावपळीत मेमधले पेपर सोडू नकोस. सत्रात किमान 6 क्रेडिट पास झाले नाहीत, तर परत येऊनही पुढच्या सत्रात खेळता येणार नाही. स्टॅटिस्टिक्सच्या प्राध्यापकांना या आठवड्यातच भेट आणि पेपर आधी देता येतो का ते विचार.

रविवारी रात्री फोन करशील तेव्हा तीन तारखांचा कागद समोर ठेव: पोर्टल, नाव देणं, नाव मागे घेणं. बाबा कराराचे मसुदे वाचायला बसतील. घोटा सुजला असेल तर तेही सांग, लपवू नकोस.

तुझी,
आई