'कशावरून?' विचारणारं कुणीतरी समोर हवं

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

यंत्रं आता गणितातल्या सिद्धता लिहू लागली आहेत, तेव्हा शाळेतल्या मुलांच्या डोक्यावरचं सिद्धतांचं ओझं उतरवा, अशा आशयाचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत आला होता. मी कराडला ३१ वर्षं आठवी ते दहावीला भूमिती शिकवली. लेखकाचा वैताग मला कळतो. पाठ केलेल्या सिद्धतांच्या वह्या मी पोत्यांनी तपासल्या आहेत. पक्ष, साध्य, सिद्धता. खाली आठ ओळी, प्रत्येक ओळीपुढे कंसात कारण. एका मुलाने आकृतीला नावं स्वतःची दिली आणि खाली सिद्धता उतरवली ती गाइडातल्या आकृतीची. कारणं सगळी बरोबर! मी शून्य दिलं, तर त्याचे वडील भांडायला आले. (माणूस भला होता, चहा घेऊन गेला.)

पण लेखातलं औषध मला पटत नाही, कारण रोग वेगळाच आहे.

माझा भाचा मानसशास्त्र शिकतो. दिवाळीत आला तेव्हा त्याने जुन्या लग्नपत्रिका कापून चार पत्ते केले आणि माझ्यापुढे मांडले : अ, क, ४, ७. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला अंक. नियम असा की एका बाजूला स्वर असेल, तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असलीच पाहिजे. नियम पाळलाय की नाही हे ठरवायला नेमके कुठले पत्ते उलटून बघावे लागतील? (आमच्या मराठीच्या बाईंनी नंतर हरकत घेतली की 'क'मध्येही अ असतोच. खरं आहे. आता तिथे पाय मोडलेला क् लिहिलाय.)

मी पटकन अ आणि ४ उचलले. भाचा हसला. ४च्या मागे व्यंजन निघालं तरी काय बिघडलं? व्यंजनामागे कुठला अंक असावा याबद्दल नियम काही बोलतच नाही. उलटायला हवा होता तो ७. त्याच्यामागे स्वर निघाला की नियम मोडला. विधान सत्य आहे म्हणून त्याचा व्यत्यास (म्हणजे उलट फिरवलेलं विधान) सत्य धरू नका, हे ३१ वर्षं फळ्यावर लिहिणारी बाई स्वतःच व्यत्यासात पाय अडकून पडली.

हा खेळ पीटर वेसन या इंग्लिश मानसशास्त्रज्ञाचा, १९६६ सालचा. विद्यापीठात शिकणाऱ्यांतसुद्धा साधारण दहांत एकालाच तो बरोबर येतो, हे ऐकून जरा बरं वाटलं.

शेजारचे काका एसटीत कंडक्टर होते. त्यांनीही अ आणि ४ उचलले. मग मी म्हटलं, "काका, पत्ते राहू द्या. मोफत प्रवास पंचाहत्तर पूर्ण झालेल्यांनाच, बरोबर? गाडीत चौघे आहेत. दोघांची तिकिटं दिसतायत, एकाचं शून्याचं, एकाचं पूर्ण पैशांचं. पण वय माहीत नाही. उरलेल्या दोघांचं वय माहीत आहे, एक ऐंशीचे, एक साठचे. पण तिकीट दिसत नाही. कुणाकुणाला तपासाल?"

काकांनी क्षणाचाही विचार केला नाही. "शून्यवाल्याचं आधार कार्ड बघीन आणि साठवाल्याचं तिकीट. ऐंशीच्या आजोबांना कशाला उठवू? त्यांनी पैसे भरले असतील तर महामंडळाचा फायदाच झाला."

गणित तेच. शून्याचं तिकीट म्हणजे अ, साठवाला म्हणजे ७. फ्लोरिडात ग्रिग्ज आणि कॉक्स या मानसशास्त्रज्ञांनी १९८२मध्ये हेच 'बिअर पिणाऱ्याचं वय ठरावीक वर्षांच्या वर हवं' अशा नियमावर करून पाहिलं, तेव्हा ४० विद्यार्थ्यांपैकी २९ जणांनी अचूक उत्तर दिलं. अक्षरं-आकड्यांच्या पत्त्यांवर त्यांतला एकही टिकला नव्हता. असं का होतं, यावरून संशोधकांत बरीच जुंपलेली आहे, त्यात मी पडत नाही.

मला जास्त महत्त्वाचा वाटला तो मॉशमन आणि गाइल या संशोधकांचा १९९८ सालचा प्रयोग. पत्ते अक्षरांचेच, पण काहींना एकेकटं बसवलं आणि काहींना पाच-सहा जणांच्या गटात वाद घालू दिला. एकेकट्यांत ९ टक्के बरोबर, गटांत ७५ टक्के. माणसं तशीच, डोकी तशीच, फरक एवढाच की कुणीतरी "थांब, ४ कशाला?" असं विचारत होतं. आपल्या न्यायशास्त्रात, म्हणजे जुन्या तर्कशास्त्रात, हा भेद जुनाच आहे. डोंगरावर धूर बघून तिथे आग आहे हे स्वतःपुरतं ओळखलं, तर ते स्वार्थानुमान, त्याला शब्द लागत नाहीत. दुसऱ्याला पटवायचं झालं की परार्थानुमान, आणि तेव्हा प्रतिज्ञा (विधान), हेतू (कारण), उदाहरण, उपनय (ते इथे लावणं), निगमन (निष्कर्ष) ही पाचही अंगं मांडावी लागतात. आपण वर्गात काय केलं? त्या दुसऱ्याला बाहेर काढला आणि पाच अंगं तेवढी पाठ करून घेतली.

निवृत्तीनंतर दुपारी घरी सहा मुली येतात. फी नाही. एकीने सिद्धता मांडायची, दुसरीने फक्त "कशावरून?" म्हणायचं. मध्यंतरी मी त्यांना एक जुनी लबाडी दिली : प्रत्येक त्रिकोण समद्विभुज असतो. शिरोकोनाचा दुभाजक आणि पायाचा लंबदुभाजक जिथे भेटतात, त्या बिंदूतून दोन्ही तिरप्या बाजूंवर लंब टाकायचे आणि तो पायाच्या दोन्ही टोकांना जोडायचा. वरचे दोन त्रिकोण एकरूप, खालचे दोन कर्णभुजा कसोटीने एकरूप, तुकड्यांची बेरीज केली की दोन्ही बाजू समान. आकृती मी हातानेच काढली होती, बिंदू त्रिकोणाच्या आत. "कशावरून?"वाली प्रत्येक ओळीला अडली आणि प्रत्येक ओळीला तिला चोख कारण मिळालं. अर्धा तास गेला. एक तर रडकुंडीला आली. शेवटी सर्वांत गप्प बसणारी मुलगी म्हणाली, "बाई, तो बिंदू आत आहे हे कशावरून?" कंपास काढला, नीट आकृती काढली. बिंदू पायाच्या खाली, थेट परिवर्तुळावर गेला. आता एक लंब बाजूवर पडतो आणि दुसरा वाढवलेल्या बाजूवर, म्हणजे एकीकडे बेरीज आणि दुसरीकडे वजाबाकी. त्या दिवशी चहाबरोबर भडंग संपलं.

आता यंत्रांचं. गेल्या काही वर्षांतली प्रगती खरीच आहे. २०२५च्या जुलैत ऑस्ट्रेलियात झालेल्या आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडच्या प्रश्नांवर गूगल डीपमाइंडच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीने ४२पैकी ३५ गुण मिळवले, म्हणजे सुवर्णपदकाची पातळी गाठली. पण गणितज्ञ सिद्धता तपासणाऱ्या यंत्रांकडे वळले ते कशासाठी, हे लेखात आलेलं नाही. व्लादिमीर वोएवोद्स्की हे गणितज्ञ, गणितातल्या अत्यंत मानाच्या फील्ड्स पदकाचे २००२चे विजेते. काप्रानोव्ह या सहकाऱ्यासोबतच्या त्यांच्या एका निबंधातला मुख्य निष्कर्ष चुकीचा आहे, हे कार्लोस सिम्पसन या गणितज्ञाने १९९८मध्ये प्रतिउदाहरण देऊन दाखवलं. वोएवोद्स्कींना ते स्वतःला पटलं २०१३मध्ये! पंधरा वर्षं. मोठ्या माणसाच्या किचकट सिद्धतेला ओळीओळीला अडवायला कुणी बसत नाही, हे त्यांनी पुढे स्वतःच मोकळेपणाने लिहिलं. संगणकाकडून सिद्धता तपासून घेण्याच्या कामाला ते त्याआधीच लागले होते. पीटर शोल्त्से या जर्मन गणितज्ञानेही डिसेंबर २०२०मध्ये, स्वतःच्याच एका प्रमेयाची पुरती खात्री वाटेना म्हणून, ते तपासायचं जाहीर आवाहन केलं. 'लीन' या सिद्धता तपासणाऱ्या संगणक-प्रणालीत ते काम जुलै २०२२मध्ये पुरं झालं. लीन करतं काय? प्रत्येक ओळीला विचारतं, कशावरून? आकृतीत दिसतंय म्हणून चालत नाही, उघड आहे म्हणून चालत नाही. माझ्या गप्प बसणाऱ्या मुलीचंच काम, फक्त न थकता.

तेव्हा यंत्राचा दाखला द्यायचाच, तर तो सिद्धता काढून टाकण्यासाठी देऊ नये. माझं मागणं साधं आहे. आठवड्यातला एक तास सिद्धता तोंडी घ्या, एका बाकावरच्या दोघांत. मांडणाऱ्याला गुण द्या तसेच अडवणाऱ्यालाही द्या. आणि दहावीला दहा प्रमेयं पाठ करण्यापेक्षा तीन भांडून झाली तरी चालतील. पोर्शन संपणार नाही, हे मला माहीत आहे.

परवा काकांनी ते पत्ते पुन्हा मागून घेतले. ओट्यावर मांडून बराच वेळ बघत बसले. मग ७वर बोट ठेवून म्हणाले, "हा साठवाला. याचं तिकीट बघायचं राहिलं होतं."

आपली,
एक निवृत्त भूमिती शिक्षिका, कराड