केमिस्ट्रीनंतरचा जमाखर्च

कराड, 6 जुलै

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू केमिस्ट्रीच्या पदवीनंतर आता अकाउंटकडे वळायचं म्हणालीस, मी "आता हे काय नवीन खूळ?" म्हणालो आणि तू "ठेवते" म्हणून ठेवलास. त्यानंतर आईने माझी चांगलीच हजेरी घेतली. मला फोनवर धड बोलता येत नाही, समोर कागद असला की जमतं. म्हणून हे पत्र.

खरं तर खूळ म्हणायचा मला अधिकारच नाही. मी स्वतः बी.ए., तेही इतिहास घेऊन. 1991 साली साखर कारखान्यात लागलो ते वजनकाट्यावर, पावत्या लिहायला. तिथून ऊस बिलाच्या टेबलावर आलो तेव्हा 'नावे' (डेबिट) कुठल्या बाजूला आणि 'जमा' (क्रेडिट) कुठल्या, एवढंही ठाऊक नव्हतं. पहिल्याच महिन्यात तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे-जमा बाजू जुळवायचा तक्ता, मांडायला दिली, ती 180 रुपयांनी जुळेना. दोन रात्री बसलो. तिसऱ्या दिवशी आमचे जुने हिशेबनीस तंबाखू मळत मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "फरकाला नवाने भाग जातो का बघ." गेला. "मग कुठंतरी दोन आकडे उलटे पडलेत." शोधलं तर 5,427 च्या जागी मी खात्यात 5,247 उतरवले होते. त्या दिवसापासून मला हे काम आवडायला लागलं. इतिहासाच्या पेपरात इतकं नक्की उत्तर कधी सापडलं नव्हतं.

पुढे जी.डी.सी. अँड ए., म्हणजे सहकार आणि अकाउंटचा सरकारी डिप्लोमा, केला. सहकार खात्याची ही परीक्षा कुठल्याही शाखेच्या पदवीधराला देता येते, तेव्हाही येत होती. सहा पेपर, हंगाम उरकला की मे महिन्यात. तेवढ्यावर माझी नोकरी निभावली, आता दोनच हंगाम राहिलेत. तुला मात्र मी ती सुचवत नाही. पतसंस्था, सोसायट्या, दूध संघ यांच्या ऑडिटला ती चालते. त्यापलीकडे तिला कुणी फारसं विचारत नाही.

तुझं फोनवरचं बोलणं मी रात्री पुन्हा आठवून पाहिलं. तुमच्या लॅबमध्ये एक बॅच नापास झाली. नुकसान नेमकं किती, असं तू विचारलंस तर कुणालाच सांगता येईना. मग कॉस्टिंगमधला, म्हणजे उत्पादनखर्च काढणाऱ्या विभागातला, तो मुलगा कागद घेऊन आला. कच्चा माल, वीज, मशीनचे तास, अगदी तुझ्या टेस्टिंगचे तासही त्याने त्यात धरले होते. त्या कागदाबद्दल तू दहा मिनिटं बोलत होतीस. सीएबद्दल दोन मिनिटं बोललीस, तेही "सगळे म्हणतात सीए कर" असं.

तर आधी सीएचं बघू. कॉमर्सच्या पदवीधराला 55 टक्के असले की थेट इंटरमीजिएटला बसता येतं. इतर शाखांना 60 लागतात. तुझे 58. शेवटच्या वर्षी आजीच्या उशाशी दवाखान्यात तू ज्या रात्री काढल्यास, त्यांत ते दोन टक्के गेले. हे मला माहीत आहे, पण फॉर्मवर ते लिहायला रकाना नसतो. म्हणजे तुला फाउंडेशनपासून सुरुवात करावी लागेल, बारावीच्या पोरांबरोबर. चार पेपर. मग इंटरचे सहा, मग दोन वर्षं आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखाली उमेदवारी (पूर्वी तीन होती, 2023 च्या नव्या योजनेत दोन केली), त्यानंतर सहा महिने अभ्यास आणि मग फायनलचे सहा. एकदाही नापास न होता चारेक वर्षं धर. आर्टिकलशिपला नोकरी सोडावी लागणार आणि स्टायपेंडमध्ये पुण्यातलं खोलीभाडं निघत नाही. पैशाचं मी बघेन, त्याची काळजी करू नकोस. पण तुला मागून पैसे घ्यायला आवडत नाही, हेही मला माहीत आहे.

आता सीएमए. ही आपल्याकडची, कोलकात्याच्या संस्थेची कॉस्ट अकाउंटंटची पात्रता. त्याच नावाची अमेरिकेची परीक्षा वेगळी, क्लासच्या जाहिरातीत दोन्ही सरमिसळ करतात, तेवढं बघून घे. इथे पदवीधराला थेट इंटरला घेतात, टक्क्यांची अट नाही. इंटरचे आठ पेपर, चार-चारचे दोन ग्रुप. फायनलचेही आठ. प्रत्येक पेपरला 40 आणि ग्रुपला सरासरी 50 टक्के. शिवाय 15 महिन्यांचं प्रॅक्टिकल ट्रेनिंग. अभ्यास नोकरी सांभाळून करणारे पुष्कळ आहेत. आणखी एक, जे क्लासवाले सांगत नाहीत: सीएमएचं इंटर पास झालं की त्या जोरावर सीएच्या इंटरला थेट प्रवेश मिळतो. 60 टक्क्यांची अट मग आडवी येत नाही. दोन वर्षांनी सीएच करावंसं वाटलं तर दार उघडं आहे.

पण मी सीएमए म्हणतोय ते सोपा रस्ता म्हणून नाही. एक आमच्याकडचं उदाहरण सांगतो. 100 टन ऊस गाळला की साधारण 11 टन साखर निघते, 28 ते 30 टन बगॅस (उसाचा चोथा), चार टनांच्या आसपास मळी आणि थोडी प्रेसमड (रस गाळून उरलेला गाळ). ऊस एकदाच विकत घेतलेला. मग त्याच्या किमतीतला किती भाग साखरेवर टाकायचा आणि किती मळीवर? मळीपासून पुढे इथेनॉल होतं, बगॅसवर वीज होते. वाटप बदललं की कागदावर साखर महाग पडते नाहीतर स्वस्त. ऊस तोच, गाळप तेच! यावरून वार्षिक सभेत झालेली तोंडातोंडी मी डोळ्यांनी पाहिली आहे. अशा वेळी उतारा (उसातून साखर किती टक्के निघते ते) म्हणजे काय ते कळणारा आणि खतावणीही (खात्यांची वही) कळणारा, असा एकच माणूस लागतो, आणि तो सहसा खोलीत नसतो. केमिस्टला वही वाचता येत नाही, अकाउंटवाला पॅनहाउसची, म्हणजे साखर शिजवतात तिथली, पायरी चढत नाही.

तू केमिस्ट्रीत जे मास बॅलन्स करायचीस, आत गेलेलं आणि बाहेर आलेलं जुळलं पाहिजे, तीच तेरीज. तीन वर्षं फुकट गेली असं तू म्हणालीस, ते मला अजिबात पटलं नाही. साखर आणि औषधं हे दोन्ही धंदे कॉस्ट रेकॉर्डच्या (उत्पादनखर्चाच्या नोंदींच्या) 2014 च्या नियमांत येतात. ठरावीक उलाढालीच्या वरच्या कंपनीला हे हिशेब ठेवावे लागतात, आणखी पुढे गेली की कॉस्ट ऑडिट, आणि त्यावर सही कॉस्ट अकाउंटंटचीच. आमचा कारखाना सहकारी, कंपनी नव्हे, म्हणून आम्हाला ते लागू नाही. शेजारच्या खासगी कारखान्याला आहे.

उणी बाजूही लिहून ठेवतो, नाहीतर नंतर म्हणशील बाबांनी लपवलं. कंपनीच्या ताळेबंदावर ऑडिटर म्हणून सही सीएचीच चालते, 2013 च्या कंपनी कायद्याने. कराडात स्वतःची पाटी लावून बसायचं, लोकांचे रिटर्न, ऑडिट करायचं मनात असेल तर सीएच कर, मग ती चार वर्षं वाया नाहीत. सुरुवातीचा पगारही सीएला बहुतेक ठिकाणी जास्त असतो. आणि गावाकडे प्रत्येक लग्नात तुला "म्हणजे सीए का?" असं विचारतील. आत्या तर नक्की. एसीसीएचं तू विचारलं होतंस. ती लंडनच्या संस्थेची अकाउंटंटची पात्रता, 13 पेपर, परदेशी कंपन्यांच्या पुण्यातल्या ऑफिसांत चालते. इथल्या ऑडिटवर तिच्या जोरावर सही करता येत नाही. फी पौंडांत. मला तिच्यात तुझं काही दिसत नाही.

तुझा एक प्रश्न भांडणात राहून गेला: पगार पासबुकात जमा दिसतो, मग पुस्तकात बँक खातं नावे का टाकतात? पासबुक हे बँकेच्या वहीतल्या तुझ्या खात्याची नक्कल आहे. तुझे पैसे बँक देणं लागते, म्हणून तिच्या वहीत तुझं खातं जमा. तुझ्या वहीत बँकेकडून तुला येणं आहे, म्हणून नावे. एकच व्यवहार, वह्या दोन. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मं अकाउंट झालं.

31 जुलैच्या आत सीएमएच्या इंटरची नोंदणी झाली तर डिसेंबरच्या परीक्षेला बसता येईल, नाहीतर जूनवर जाईल. पहिला एकच ग्रुप भर. त्यात कायदा, अकाउंट, टॅक्स आणि कॉस्टिंग आहे. कॉस्टिंगचं पुस्तक हातात घेऊन महिनाभर बघ. त्या मुलाच्या कागदासारखी मजा आली नाही तर मला सांग, आपण दुसरं बघू. नोकरी इतक्यात सोडू नकोस. पुण्यात संस्थेचा चॅप्टर (शाखा) आहे, एक शनिवार तिथे जाऊन ये. तुझी दहावीची आणि पदवीची मूळ गुणपत्रकं लोखंडी कपाटात आहेत, उद्या कुरिअर करतो. दहावीच्या कागदावर माझं नाव पूर्ण आहे आणि पदवीच्या कागदावर नुसतं आद्याक्षर, ते फॉर्म भरण्याआधी विचारून घे.

पाकिटात एक तेरीजही घातली आहे, हाताने मांडलेली, 14 खात्यांची. मुद्दाम एक चूक ठेवली आहे. फरक 350 चा आहे. नवाने भाग जात नाही, मी बघितलंय.

तुझा,
बाबा