नाव माहीत नसलेल्या सगळ्यांना थँक्यू

ज्यांची नावं विचारायची राहिली त्या सगळ्यांना मनापासून थँक्यू म्हणायचंय. एचआयव्हीसोबत जगणाऱ्या आमच्या बायकांच्या गटाने यंदा दिवाळीला रंगवलेल्या पणत्या आणि जुन्या साड्यांच्या गोधड्या विकायला ठेवल्या होत्या, तर सोसायटीच्या गेटपाशी टेबल लावून देणारे काका, शेजारी बसून धावदोरा सरळ कसा घालायचा ते शिकवणाऱ्या आजी, आणि ती कॉलेजची मुलगी, जिने आमचं सगळं ऐकून घेतलं आणि मग आमच्याच डब्यातली चकली उचलून खाल्ली, तुमचे उपकार कसे फेडायचे?

सरकारी एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या उपचार केंद्रात, २००४ पासून गोळ्या फुकट मिळतात, ते खूपच मोठं काम आहे, पण तिथपर्यंतचं एसटीचं भाडं, त्या दिवसाची बुडालेली मजुरी, पोरांच्या वह्या, हे कुठून आणायचं? ते आता या पैशातून निघतंय. एकत्र जेवल्याने हे पसरत नाही असं सांगून सांगून आम्ही थकलेलो, त्या पोरीने चारचौघात खाऊनच दाखवलं. खरंच, देव तिचं भलं करो.

आता संक्रांतीची सुगडं रंगवायला घेतलीत. कुणाला हवी असतील तर आत्ताच सांगून ठेवा, रंग वाळायला वेळ लागतो.