स्टॉलवर बसण्याआधी

वाशी, मंगळवार

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

शनिवार-रविवार मी बेलापूरला अर्बन हाटच्या स्टॉलवर असेन आणि ठाण्यात घंटाळीजवळच्या हॉलमधलं आपल्या काचेच्या वस्तूंच्या विक्रीचं टेबल तुमच्या ताब्यात. फोनवर सांगितलेलं अर्धं विसरायला होतं, म्हणून लिहून पाठवते. बाबा, वाचून झालं की घडी करून बिलबुकात ठेवा. आई, तू सगळं नाही वाचलंस तरी चालेल, पण डब्यांचा आणि किमतीचा भाग नक्की वाच.

खोकी तीन आहेत. आतल्या ताटल्या आडव्या रचलेल्या नाहीत, मांडणीतल्या ताटांसारख्या कडेवर उभ्या आहेत. काच उभी असली की धक्का सोसते. आडवी रचली की वरचं सगळं वजन खालच्या ताटलीच्या मधोमध येतं आणि रिक्षा एका खड्ड्यात आदळली की तीच जाते. तेव्हा खोकं पायाशी नको, सीटवर ठेवा आणि बाण वरच्या दिशेला असू दे. आठ इंची ताटली साधारण ६०० ग्रॅमची असते. एका खोक्यात बारा, म्हणजे सात किलोंच्या वर गेलं. एका वेळी एकच खोकं उचला, बाबा. ताटल्यांमधला बटर पेपर फेकू नका, परतीला लागेल. काचेवर काच घासली की मधला वाळूचा एक कणही ओरखडा पाडतो.

टेबल सहा फूट बाय अडीच फुटाचं मिळेल. आधी निळी योगा मॅट अंथरा, तिच्यावर पांढरी चादर. मॅटमुळे काच सरकत नाही. आई, तुझी काळी पैठणी कितीही शोभून दिसत असली तरी ती खाली घालू नकोस. पारदर्शक काचेचा रंग मागून आलेल्या उजेडात दिसतो, काळ्या कापडावर निळी, हिरवी, जांभळी सगळी कोळशासारखी होते. म्हणून पारदर्शक तुकडे मागच्या रांगेत, एलईडी पट्टीच्या पुढे उभे करा. दुधी, अपारदर्शक तुकडे पुढे ठेवा, त्यांना समोरचा उजेड पुरतो. टांगायची तोरणं हॉलच्या पंख्याच्या झोतात येऊ देऊ नका. दोन तोरणांत एक वीत अंतर ठेवा, नाहीतर एकमेकांवर आपटून कडा उडतात. उचलून दाखवताना साखळीला धरा, काचेच्या कडेला नको. कडेची तांब्याची पट्टी नुसती चिकटवलेली असते, भार घेतो तो सोल्डरचा, म्हणजे वितळवून लावलेल्या धातूच्या डाखाचा, सांधा, म्हणून कडी सांध्यावरच बसवलेली आहे.

आता किंमत. 'एवढीशी ताटली आणि अठराशे?' हे दिवसातून दहा वेळा ऐकाल. चिडू नका, हिशोब सांगा. ३ मिलिमीटरच्या दोन काचा एकमेकींवर ठेवतो, कारण वितळलेल्या काचेला ६ मिलिमीटर जाडीच मानवते. त्याहून पातळ असेल तर ती आत ओढली जाते आणि कडेला सुया निघतात, जाड असेल तर पसरते. भट्टी तासाला दीडशे अंशांनी ६५० पर्यंत चढते आणि तिथे अर्धा तास थांबते, म्हणजे दोन थरांमधली हवा कडेने निघून जाते. मग भरभर ८०५ अंश, तिथे दहा मिनिटं, की दोन काचांची एक होते. तिथून झटकन ४८२ वर आणून एक तास थांबवायची. त्यानंतर ३७० पर्यंतचा उतार हळूहळू, सुरुवातीला तासाला ऐंशी अंशांच्या आसपास. पुढे तिची ती थंड होते. रात्री लावलेली भट्टी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उघडते आणि एवढं करून हाती येते सपाट चौकोनी काच. तिला ताटलीचा खोलगटपणा द्यायला साच्यावर ठेवून पुन्हा ६५० च्या आसपास तापवावं लागतं, म्हणजे आणखी एक दिवस. भट्टीच्या अशा एका फेरीला बारा युनिटं वीज लागते. विजेचं फार काही नाही. महाग आहे ती काच, आणि त्याहून महाग वेळ.

लोक विचारतात, 'मग साधी खिडकीची काच का नाही वापरत?' एकटी वापरता येते. रंगीत काचेला मात्र ती जोडता येत नाही. प्रत्येक काच तापली की फुगते, निवली की आखडते, आणि किती फुगते-आखडते त्याला एक आकडा असतो. आपल्या काचेचा ९०, बाजारात दुसरी मिळते तिचा ९६, खिडकीच्या काचेचा ८५ च्या आसपास. दोन वेगळ्या आकड्यांच्या काचा भट्टीत छान जुळतात, बाहेरही चांगल्या दिसतात, आणि चार दिवसांनी कपाटात ठेवलेली ताटली आपोआप तडकते. म्हणूनच कुणी 'आमच्या बाटलीचे तुकडे घालून ताटली करून द्या' म्हणालं तर नाही म्हणा. अख्खी बाटली आणली तर चपटी करून देऊ, पण तिच्यात दुसरी काच मिसळणार नाही.

'आपोआप तडकणार नाही ना?' असं चौकस गिऱ्हाईक विचारेलच. ते ४८२ वरचं थांबणं त्यासाठीच असतं. बाहेरची काच आधी निवते, आतली मागाहून, आणि दोघींना एकत्र निवायला वेळ मिळाला नाही तर आत ताण कोंडून राहतो. बाबा, हे दाखवायला तुमचा गाडी चालवतानाचा पोलराइज्ड गॉगल न्या. लॅपटॉपवर पांढरी स्क्रीन लावायची, गॉगल डोळ्यांवर चढवून मान तिरकी करत जायचं, स्क्रीन काळी दिसली की थांबायचं. मग पारदर्शक तुकडा मध्ये धरायचा. ताण नसेल तर काच काळ्यात मिसळून जाते. ताण असेल तर रंगाच्या जोडाभोवती पांढरट वलय उजळतं. लाल डबीत मुद्दाम चुकीच्या काचेचा एक तुकडा ठेवलाय, तो आधी दाखवा आणि मग आपला. दुधी काचेतून हे दिसत नाही. तिच्यासाठी त्याच लॉटच्या किरचा पारदर्शक पट्टीवर वितळवून वेगळ्या तपासलेल्या असतात.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. वस्तू कशासाठी नाही, ते गिऱ्हाइकाने विचारायच्या आधी सांगायचं. ताटलीत लाडू, चकली, सुका मेवा चालेल. मायक्रोवेव्ह नाही, ओव्हन नाही, फ्रिजमधून काढून वर गरम भाजी ओतायची नाही, साध्या साबणाने हाताने धुवायची. आणि आई, तो सोल्डर केलेला रंगीत डबा बघून बायका हमखास म्हणतील, 'बडीशेपेला छान आहे.' नाही. त्या जोडात चाळीस टक्के शिसं आहे. दागिने, सेफ्टी पिना, रुद्राक्षाची माळ, काहीही ठेवा, खायचं ठेवायचं नाही आणि लहान मुलांच्या हातात द्यायचं नाही. विक्री गेली तरी चालेल. तुम्ही दोघंही चहाबरोबर काही खाण्याआधी हात धुवा. कंदिलाचंही तसंच. आत एलईडी दिवाच लावायचा. पणती ठेवली तर ज्योतीच्या वरचं सोल्डर १९० अंशांच्या आसपास वितळतं आणि वरचा तुकडा सुटतो.

'हे रेझिन आहे का?' असं विचारलं तर बोलू नका, हातात द्या. काच गार लागते आणि तेवढ्याच रेझिनपेक्षा, म्हणजे ओतीव प्लास्टिकपेक्षा, दुपटीहून जड असते. 'फिरोजाबादहून आणलं का?' याचं उत्तर असं, की तिथे भट्टीत वितळलेल्या रसाच्या बांगड्या आणि फुंकलेली भांडी होतात, आपली चादरी, म्हणजे सपाट तावासारखी, काच कापून भाजलेली आहे. एखाद्या आजी म्हणतील, तुटलेली काच घरात नको. त्यांच्याशी वाद घालू नका. म्हणा, तुटलेली नाही, कापून पुन्हा एकजीव केली आहे. बहुतेकींना पटतं.

कोस्टर ३५०ला एक, सहाचा संच १,९५०. ताटली १,८००, तोरण ९००, कंदील ४,५००. आई, तुझ्या हातून घासाघीस सुटत नाही म्हणून सांगते, सुट्या नगावर सूट नाही. सूट द्यायचीच असेल तर हिरव्या ठिपक्याच्या टोपलीतून द्या. त्यात एखादा बुडबुडा राहिलेले किंवा पांढुरकी साय धरलेले तुकडे आहेत. काचेवर बोटांचा तेलकटपणा राहिला किंवा भट्टी ७०० ते ७६० च्या दरम्यान रेंगाळली की अशी साय येते. वापराला काही बिघडत नाही. ते निम्म्या किमतीत. पण केसाएवढी जरी चीर दिसली तरी तो तुकडा टोपलीतून काढून खोक्यात टाका, फुकटही द्यायचा नाही.

पैसे घेताना समोरच्याच्या फोनवरची हिरवी खूण पाहून समाधान मानू नका. आपल्या फोनवर रक्कम आल्याचा मेसेज बघा. सुटे शंभर-पन्नासाचे दोन हजार डब्यात आहेत. संध्याकाळी सहानंतर गर्दी होते, तेव्हा एकाने दाखवायचं, दुसऱ्याने बिल आणि पॅकिंग.

काही फुटलं तर गिऱ्हाइकाकडे पैसे मागायचे नाहीत. आधी आजूबाजूच्यांना लांब करा, मोठे तुकडे जाड कागदात गुंडाळा, बारीक किरचा ओल्या वर्तमानपत्राने टिपा. झाडूने त्या उडतात आणि झाडूतच अडकून घरी येतात. पुडक्यावर 'काच' लिहून सफाईवाल्यांच्या हातात द्या, कचऱ्याच्या पिशवीत नुसतं टाकू नका.

रविवारी रात्री उरलेलं पुन्हा उभंच भरा. खोकं भरलं नाही तर मोकळ्या जागेत जुन्या साड्या कोंबा, काही हलता कामा नये. सोमवारी सकाळी ट्रान्सहार्बरने ठाण्याला येऊन मी खोकी घेऊन जाईन. गॉगल मात्र त्यात भरू नका, बाबा, तो तुम्हाला लागेल.

तुमची,
धाकटी