सोयीचे जू

प्रिय बाई,

प्रभूच्या नावाने अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र गुरुवारी मिळाले. मोबाइलवर बोलतेस तेव्हा सर्व ठीक असल्याचे सांगतेस आणि जे ठीक नसते ते कागदावर लिहितेस, ही थेट तुझ्या आजीची सवय आहे. म्हणून मीही आज उपासनेहून आल्यावर कागदच पुढे ओढला. आई पडवीत तुरीची डाळ पाखडत बसली आहे आणि दर दहा मिनिटांनी विचारते आहे की काय लिहिले. बाहेर सकाळपासून झड लागली आहे, त्यामुळे शेतात जाण्याचा प्रश्नच नाही आणि मला घाई नाही.

तू लिहितेस की चार महिन्यांत तुला दोनच रविवार चर्चमध्ये जाता आले, आठवड्याचा ऑफ देऊन तू डबल ड्युटी करतेस, आणि नाईट संपवून खोलीवर आल्यावर गुडघे टेकून प्रार्थना करू लागतेस तो तशीच पलंगाच्या काठावर डोके ठेवून झोपी जातेस. शेवटी लिहिले आहेस, "बाबा, माझा समतोल पार बिघडला आहे आणि विश्वासही थंड पडला आहे असे वाटते." हे वाक्य मी तीनदा वाचले. त्याचा पहिला भाग मला पटला, दुसरा पटला नाही.

प्रार्थनेत झोप लागली म्हणून तू स्वतःला अपराधी समजतेस, तेव्हा एलीयाची गोष्ट आठव. तू ती शब्बाथशाळेत पाठ सांगितली होतीस, पण तेव्हा तुझे सगळे लक्ष कर्मेल डोंगरावर पडलेल्या अग्नीकडे होते आणि त्याच्या पुढचा अध्याय तू धावत वाचला होतास. पहिल्या राजे पुस्तकाच्या 19 व्या अध्यायात तोच एलीया जीव मुठीत घेऊन पळतो, रानात एका झुडपाखाली बसून देवाजवळ मरण मागतो आणि तसाच झोपी जातो. देवदूत येतो तो त्याला विश्वासाबद्दल एक शब्द विचारत नाही. उठ, खा, एवढेच म्हणतो. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे ठेवलेले असते. एलीया खातो, पितो आणि पुन्हा झोपतो. देवदूत त्याला दुसऱ्यांदा उठवतो तोही खाऊ घालण्यासाठीच. होरेब डोंगरावर देव त्याच्याशी बोलला तो त्यानंतर चाळीस दिवसांनी. थकलेल्या माणसाला आधी जेवण आणि झोप, मग बोलणे, हा क्रम देवाने स्वतः पाळला आहे, आणि परिचारिका असून तुला तो कळू नये याचे मला नवल वाटते. प्रभू येशूही तुफानात तारवाच्या मागच्या बाजूस उशीवर डोके ठेवून झोपला होता. त्या वेळी तो प्रार्थना करीत नव्हता म्हणून कोणी त्याला उणे लेखलेले माझ्या वाचनात नाही.

उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात प्रत्येक दिवसाच्या अखेरीस "संध्याकाळ झाली, सकाळ झाली" असे येते. यहुदी लोकांचा दिवस आजही सूर्यास्ताला सुरू होतो. म्हणजे दिवसाची सुरुवात माणसाच्या झोपेने होते; तो झोपलेला असताना देवाचे काम चालू असते आणि सकाळी उठून माणूस त्या चालू कामात आपला हात लावतो. शिवाय माणूस घडवला गेला सहाव्या दिवशी, तेव्हा त्याच्या वाट्याला आलेला पहिला पुरा दिवस सातवा, म्हणजे विसाव्याचा. आपण मात्र आधी राबतो आणि उरलेसुरले ते विसाव्याला देतो. मीही आयुष्यभर तेच केले, म्हणून तुला उपदेश करण्याआधी माझ्या दोन चुका सांगतो. एक तुला ठाऊक आहे, दुसरी मी आजवर कोणाला सांगितलेली नाही.

ठाऊक असलेली चूक फरदडीची, म्हणजे संपत आलेल्या कपाशीला पाणी देऊन पुन्हा पीक घेण्याची. तू नर्सिंगला लागलीस तेव्हा फीचा पहिला हप्ता भरायचा होता आणि डिसेंबरात कपाशीचे वेचे संपत आले होते. शहाणा शेतकरी अशा वेळी शेत मोकळे करतो. पण विहिरीला पाणी होते, म्हणून मी दोन ओलिते दिली आणि पऱ्हाटी मार्चपर्यंत उभी ठेवली. नवी पाती लागली, बोंडे धरली, आणि जास्तीचा पावणेचार क्विंटल कापूस घरात आला. मी तेव्हा देवाचे आभारही मानले होते. मात्र हंगाम संपल्यावर उभ्या ठेवलेल्या त्याच पऱ्हाटीत आणि किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळीला आसरा मिळतो. तिला खायला कपाशी सोडून दुसरे फारसे काही चालत नाही, म्हणून मधले काही महिने शेतात कपाशीच नसली तर तिची साखळी तुटते, आणि असली तर तीच अळी पुढच्या पिकावर चढते. कृषी खात्याचे लोक हे घसा कोरडा करून सांगत होते. पुढचा हंगाम 2017 चा होता. त्या साली जिल्हाभर बोंडअळीने काय केले ते तू पाहिले आहेस. वरून हिरवेगार बोंड फोडले की आत कवडी झालेली सरकी आणि अळी. फरदड ठेवणारा मी एकटा नव्हतो, परंतु त्यामुळे माझा वाटा कमी होत नाही.

त्या दिवाळीत मी निर्गमाचा 16 वा अध्याय वाचला आणि पुस्तक मिटून बसलो. रानात इस्राएल लोकांना रोजच्या रोज मान्ना, म्हणजे देवाने दिलेले अन्न, मिळत असे. ज्यांनी दुसऱ्या दिवसासाठी म्हणून तो राखून ठेवला त्यांच्या मान्न्यात किडे पडले व त्याला घाण सुटली. सहाव्या दिवशी मात्र दुप्पट गोळा केला तरी सातव्या दिवशी तो चांगला राहिला. लहानपणापासून ऐकलेली ही गोष्ट मला त्या दिवशी पहिल्यांदा शेतकऱ्याच्या डोळ्यांनी दिसली. लेवीयाच्या 25 व्या अध्यायात सातव्या वर्षी जमिनीलाही विसावा द्यायला सांगितले आहे. शेत काही काळ रिकामे ठेवायला पैसा लागत नाही, पुढच्या वर्षाचे पीक देव देईल हा भरवसा लागतो, आणि माझ्याजवळ तो त्या वर्षी नव्हता. तू आता आठवड्याचा ऑफ देऊन डबल ड्युटी करतेस, ही फरदडच आहे, बाई. जास्तीचे पैसे हाती येतात हे खरे आहे. अळी मागाहून दिसते.

आता दुसरी चूक. आपल्याकडे पाडव्यापासून साल धरलेला सालदार होता तेव्हाची ही गोष्ट आहे. मी दर रविवारी पांढरे धोतर नेसून उपासनेला जात असे, मंडळीचा पंच म्हणून पुढच्या बाकावर बसत असे, आणि तो सालदार त्याच वेळी आपल्या शेतात डवरा धरून उन्हात चालत असे. एका रविवारी पाळकसाहेबांनी बायबलातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाचा 5 वा अध्याय वाचला. त्यात विसाव्याचा दिवस पाळण्याची चौथी आज्ञा आहे, परंतु निर्गमातल्यापेक्षा थोडी वेगळी: तुझ्या दासाला आणि दासीलाही तुझ्यासारखा विसावा मिळावा, कारण तूही मिसर देशात दास होतास. "तुझ्यासारखा" हा शब्द मला खिळ्यासारखा लागला. त्यात बैल आणि गाढवही सांगितलेले आहेत, म्हणजे माझे बैलसुद्धा माझ्याविरुद्ध साक्ष द्यायला उभे होते. दुसऱ्या आठवड्यापासून मी रविवारी काम बंद केले आणि त्या दिवसाचे काही कापले नाही. शेजाऱ्यांनी वेड्यात काढले. पेरणीच्या दिवसांत वाफसा रविवारी आला तर विसावा मोडत असे, कारण काळी जमीन कोणाच्या उपासनेसाठी थांबत नाही. पण ते मोडणे मी सर्व रविवारांचा नियम होऊ दिले नाही.

थोडे विषयांतर करतो. रोमी सम्राट कॉन्स्टंटाईन याने इ.स. 321 मध्ये रविवार सुट्टीचा ठरवला, तेव्हा शेतकऱ्यांना त्यातून वगळले होते. मुंबईच्या गिरण्यांतल्या कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती 1890 साली, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने, आणि ते काही ख्रिस्ती नव्हते, सत्यशोधक होते. कापूस विणणाऱ्याला रविवार मिळाला, पिकवणाऱ्याला अजून कोणी दिलेला नाही. म्हणून आपल्या घरचा रविवार मला सुट्टी वाटत नाही, ती देवाने मजुराच्या बाजूने केलेली आज्ञा वाटते.

समतोल म्हटले की तुझ्या डोळ्यांपुढे जिनिंगवरचा काटा उभा राहत असावा: एका पारड्यात नोकरी, दुसऱ्यात प्रार्थना, आणि दोन्ही सारखी झाली की झाले. मला तसे वाटत नाही. गेल्या आठवड्यात पोळा झाला. आपण बैलांची पूजा करीत नाही, पण आदल्या संध्याकाळी खांद शेकायचे मी कधी चुकवले नाही. हळद आणि तूप लावून जुवाने घट्टे पडलेला तो खांदा चोळताना मत्तयाच्या 11 व्या अध्यायातले वचन दरवर्षी आठवते. "अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या म्हणजे मी तुम्हांला विसावा देईन." एवढे सगळ्यांना पाठ असते. त्याच्या पुढे मात्र प्रभू जू उतरवून ठेवण्याबद्दल बोलत नाही, माझे जू आपणांवर घ्या असे म्हणतो, आणि ते सोयीचे आहे असे सांगतो. पाळक घडवणारी सेमिनरी यवतमाळला होती तेव्हा, म्हणजे 1983 मध्ये ती पुण्याला जाण्यापूर्वी, तिथले विद्यार्थी आपल्या गावी उपासनेला येत. त्यांच्यातल्या एकाने तुझ्या आजोबांना सांगितले होते की तिथला मूळ ग्रीक शब्द ख्रेस्तोस असा असून त्यात भलेपणाचाही अर्थ आहे आणि उपयोगी पडणाऱ्या वस्तूचाही. आजोबा म्हणाले, "बरोबर आहे, तो सुताराचा हात आहे." बैलाच्या मानेचे माप न घेता केलेले जू खांदा सोलते, भार तेवढाच असला तरी नीट बसलेल्या जुवाखाली बैल संध्याकाळपर्यंत चालतो.

आणि जुवाला दोन बाजू असतात. जोडीतला एक गोऱ्हा कच्चा असला तर आपण ओढणीची जागा भक्कम बैलाकडे सरकवतो, म्हणजे कच्च्याच्या बाजूला जू लांब पडते आणि ओढ भक्कमावर जाते. मला समतोल कळतो तो हा. दोघांवर सारखा भार टाकला तर ती जोडी आठ दिवसांत मोडेल. तू प्रभूबरोबर जोतात आहेस, असे मी मानतो, आणि तरी सगळी ओढ तुझ्याच खांद्यावर आहे अशा तऱ्हेने तू चालते आहेस. ओझे एकट्याने ओढता ओढता आपल्या जिल्ह्यात किती घरांतली माणसे गेली हे तू लहानपणापासून पाहिले आहेस, म्हणून यापेक्षा जास्त लिहीत नाही.

मात्र विश्वासाच्या नावाखाली अन्यायही सोसू नकोस. एका वॉर्डात दोघींचे काम एकीवर टाकायचे आणि वर "ही तर सेवा आहे" असे म्हणायचे, हे जिथे चालते तिथे थकवा हा तुझ्या आत्म्याचा दोष नाही, मनुष्यबळाचा आहे. ते तुझ्या वरिष्ठ सिस्टरांना शांतपणे पण लेखी कळव. मिसर देशात दास असलेल्या इस्राएल लोकांना विटांचा आकडा तोच ठेवून पेंढा देणे बंद केले गेले, तेव्हा देवाने लोकांना आणखी सहनशील व्हा असे सांगितले नव्हते.

रविवारची ड्युटी असेल तर ती मनाला लावून घेऊ नकोस. शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, माणसासाठी झाला, असे प्रभूच म्हणाला आहे, आणि त्याने स्वतः त्या दिवशी आजारी माणसांना बरे केले. मंगळवारी ऑफ असतो ना, तो मंगळवार कोणाला देऊ नकोस. त्या दिवशी आधी झोप, मग जेव, आणि जमेल तेव्हा त्या भागातल्या मंडळीच्या संध्याकाळच्या प्रार्थनेला जा. एकटीने पाळलेला विसावा फार दिवस टिकत नाही. रोजच्यासाठी 131 वे स्तोत्र पाठ कर. तीनच ओव्या आहेत, झोप लागण्यापूर्वी संपतात. दूध तुटलेले लेकरू आईपाशी निवांत असते तसा माझा जीव आहे, असे त्यात म्हटले आहे. तुझी आजी निरक्षर होती, पण रोज रात्री हेच म्हणत असे.

आता मुख्य गोष्ट. डबल ड्युटीचे पैसे तू कशासाठी जमवतेस हे तू पत्रात लिहिले नाहीस, परंतु तुझ्या भावाने सांगितले. सोसायटीचे कर्ज माझ्या नावावर आहे आणि ते मी फेडणार आहे; यंदा तूर बरी आहे आणि मी फरदड ठेवणार नाही. मागच्या महिन्यात तू पाठवलेले आठ हजार तुझ्या आईच्या खात्यात तसेच आहेत. ते परत पाठवले तर तुला राग येईल, म्हणून आईने असे ठरवले आहे की त्यातून तुझे येण्याजाण्याचे तिकीट काढायचे. चार दिवसांची रजा माग. कापणीच्या सणाला ये. नव्या तुरीच्या शेंगा तोवर भरलेल्या असतील.

हे पत्र नाईट करून आल्यावर हाती पडले तर लगेच उत्तर लिहायला बसू नकोस. आधी झोप.

तुझे
बाबा